१३४९ च्या गावात मढं उठवताना

मध्ययुगातल्या मरीवर, म्हणजे प्लेगच्या साथीवर, भयकथा लिहायला घेतली की सगळ्यात आधी 'मध्ययुग' हा शब्द बाजूला ठेवावा लागतो. त्या शब्दात धुकं, किल्ला आणि कावळे असतात, बाकी काही नसतं. मरी १३४७ च्या ऑक्टोबरात सिसिलीतल्या मेसिना बंदरात उतरली, १३४८ च्या जूनमध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आली आणि यॉर्क शहरात पोचेपर्यंत १३४९ चा मे उजाडला. प्रत्येक ठिकाणी ऋतू वेगळा, शेतातलं पीक वेगळं, रात्रीची लांबी वेगळी. मी उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशर परगण्याचा पूर्व भाग घेतला. तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांवर चाळीस उंबऱ्यांचं एक कल्पित गाव वसवलं आणि काळ ठेवला १३४९ च्या ईस्टरपासून २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणापर्यंत. दीर्घकथा अठरा हजार शब्दांची झाली. ती कशी बांधली आणि कुठे कोसळली, ते इथे लिहितो आहे. या वाटेने जाणाऱ्याला त्याचा उपयोग व्हावा.

हाच भाग का, याला दोन कारणं आहेत. बेव्हर्लीजवळच्या म्यूस (Meaux) नावाच्या मठाचा इतिहास मठवासीयांनीच लिहून ठेवला आहे आणि त्यात १३४९ चे तपशील आहेत. सुमारे पन्नास मठवासीयांपैकी दहाच उरले, ऑगस्टमध्ये एकाच दिवशी मठाधिपती आणि पाच भिक्षू न पुरलेले पडून होते, हे त्यात नोंदलेलं आहे. दुसरं कारण म्हणजे इंग्लंडमधल्या चालत्या मढ्यांच्या उत्तम नोंदी याच परगण्यातल्या आहेत. रोग आणि भूत एकाच मातीतून मिळाले की लेखकाला जोड द्यावी लागत नाही.

पहिलं काम पंचांगाचं. १३४९ चा ईस्टर १२ एप्रिलला होता, म्हणजे उपासाचा काळ २५ फेब्रुवारीला सुरू झाला. त्या काळात मांस, अंडी, दूध काही नाही. ईस्टरच्या जेवणाचं दृश्य असेल तर चाळीस दिवसांची भूक त्यात यायला हवी. जुनी कालगणना चौदाव्या शतकात आजच्यापेक्षा आठ दिवस मागे होती, त्यामुळे कथेतला १ ऑगस्ट म्हणजे सूर्याच्या हिशेबाने आजचा ९ ऑगस्ट. इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणून कुणी पात्र जानेवारीत चर्मपत्रावर काही लिहीत असेल तर ते १३४९ न लिहिता १३४८ लिहील. चंद्राचाही हिशेब केला: जुलैच्या अगदी अखेरीस पौर्णिमा, ऑगस्टच्या मध्याला अमावास्या. मढं पहिल्यांदा दिसतं ती रात्र मी १ ऑगस्टला, नव्या गव्हाच्या पहिल्या भाकरीच्या सणाला ठेवली, कारण तेव्हा चांदणं जवळजवळ पूर्ण असतं आणि लोक बाहेर असतात.

इथे एक अडचण आली, तिचा मी आधी विचारच केला नव्हता. त्या अक्षांशावर उन्हाळ्यात रात्र फार छोटी. १ ऑगस्टला सूर्य संध्याकाळी साडेसातनंतर मावळतो आणि पहाटे सव्वाचारनंतर उगवतो, संधिप्रकाश लांबतच जातो, गडद काळोख जेमतेम पाच तास. पहिल्या मसुद्यात मी एका रात्रीत वेशीपासून दफनभूमीपर्यंत जाणं, खणणं, पुन्हा बुजवणं आणि घरी येणं एवढं सगळं कोंबलं होतं. चुनखडीत कुदळ मारून पाहिलेल्या माणसाला हे लगेच खोटं वाटेल. हे सगळं दोन रात्रींवर पसरलं, आणि मधला दिवस अर्धवट उकरलेल्या खड्ड्याशेजारी कापणी करण्यात गेला. तो दिवस कथेतला सर्वांत भीतिदायक भाग झाला. आकडा बरोबर करायला गेलो आणि प्रसंग हाती लागला, असं या कामात वारंवार होतं.

मग मृत्यूची वही. हे मी अगदी आग्रहाने सांगेन: मरीवर लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य लिहिण्याआधी ही वही करावी. गावातली १८४ माणसं, प्रत्येकासाठी एक ओळ. रकाने आठ: नाव, घर, तापाचा दिवस, रोगाचा प्रकार, मृत्यूचा दिवस, शेवटी जवळ कोण होतं, कबुली झाली का, कुठे पुरलं. माझ्या वहीत जूनमध्ये ११, जुलैमध्ये ४७, ऑगस्टमध्ये २९ आणि सप्टेंबरमध्ये ४ माणसं गेली, म्हणजे निम्मं गाव. साथीचा आकार असा डोंगरासारखा असतो. हळू चढ, मधे कडा, मग लांबलेला उतार. नवख्या कथांत सगळं गाव तीन दिवसांत आडवं होतं आणि मग लेखकाजवळ भीतीसाठी कुणी शिल्लकच राहत नाही.

रोगाचे दिवस काटेकोर पाळावे लागतात. गाठीच्या प्रकारात पिसू चावल्यावर दोन ते सहा दिवस काही कळत नाही. मग एकदम हुडहुडी, ताप, आणि जांघेत, काखेत किंवा मानेला गाठ, बदामापासून अंड्याएवढी. गाठ इतकी दुखते की काखेत असेल तर माणूस हात अंगापासून दूर धरतो, जांघेत असेल तर पाय आखडून निजतो. बहुतेक जण तीन ते पाच दिवसांत जातात, पण सगळे जात नाहीत, काहींची गाठ फुटते आणि ते उठतात. फुप्फुसात उतरलेल्या प्रकारात खोकला, लालसर फेसाळ थुंकी, आणि दोन-तीन दिवसांत शेवट, तिथे उपचाराविना वाचणं जवळजवळ नाहीच. आविन्योंमध्ये पोपचा वैद्य असलेल्या गी द शोलियाकने हे दोन्ही प्रकार त्याच काळात वेगळे ओळखून लिहिले होते. त्याला स्वतःलाही गाठ आली आणि तो वाचला.

भयकथेला या रोगाने दिलेलं सर्वांत मोठं लक्षण मात्र गाठ नव्हे. ते आहे भ्रम. रोगी दारू प्यायल्यासारखा अडखळतो, जीभ जड होते, डोळे लाल, आणि अंथरुणातून उठून तो चालू लागतो. माझ्या कथेत पहिल्यांदा 'मढं' दिसतं ते असंच: रात्री शेताच्या कडेने झोकांड्या खात जाणारा माणूस. तो तापातला जिवंत शेजारी होता की सहा दिवसांपूर्वी पुरलेला कारभारी, हे पाहणाऱ्याला कळत नाही. वहीतल्या तारखा मी अशा लावल्या की दोन्ही शक्य राहतील. हे अंदाजाने जमत नाही. ओळ शोधावी लागते, त्या रात्री नेमकं कोण तापाच्या तिसऱ्या दिवसात आहे.

उंदरांचं दृश्य एका वाक्यात आटोपलं. १३४९ मधल्या कुणालाही उंदरांचा आणि मरीचा संबंध ठाऊक नव्हता. जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सांने शोधला, पिसवांचा धागा १८९८ मध्ये कराचीत सिमाँने जुळवला. म्हणून छपरातल्या गवतातून एक उंदीर चुलीजवळ पडतो, सुईण तो शेपटीला धरून बाहेर फेकते आणि लापशी ढवळत राहते. पात्र काही बोलत नाही. मराठी वाचकाला बोलायची गरजही नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत साथ उघड झाली, आणि पुढच्या वर्षांत 'उंदीर पडले' हे दोन शब्द ऐकून माणसं घर सोडून रानात झोपड्या बांधून राहिली. ती आठवण आपल्या घराघरांत झिरपली आहे. इतर भाषांत ज्याला परिच्छेद खर्चावा लागेल ते आपल्याकडे एका पडलेल्या उंदराने होतं. ही मिळकत वाया घालवू नये.

आता भूत. पहिल्या मसुद्यात मढंच मरी पसरवत होतं. त्याला आधार होता: बाराव्या शतकाच्या अखेरीस यॉर्कशरमधल्या न्यूबर्गच्या विल्यम नावाच्या धर्मोपदेशकाने अशीच हकिकत लिहिली आहे. एका मेलेल्याच्या श्वासाने हवा नासली, गावात रोग पसरला, तेव्हा दोन भावांनी त्याला उकरून काढलं. फार खोल खणावं लागलं नाही. मढं फुगलेलं होतं, घाव घालताच जळू फुटावी तसं रक्त वाहिलं, मग काळीज काढून देह जाळला आणि साथ थांबली. एवढा अस्सल मालमसाला हाताशी असूनही मसुदा पडला. कारण असं की भूतच रोगाचं मूळ झालं तर भूत जाळलं की हिशेब मिटतो. वहीतली ९१ नावं एका चोराच्या खात्यावर मांडली जातात. वाचक सुटतो. ज्या रोगाने कुणालाच सुटू दिलं नाही त्यावरच्या कथेत वाचकाला असं सोडवणं मला खोटं वाटलं, आजही वाटतं.

दुसऱ्या मसुद्याला दिशा मिळाली ती वहीच्या शेवटच्या दोन रकान्यांतून: कबुली झाली का, आणि कुठे पुरलं. त्या काळच्या माणसाला मरणाची भीती होतीच, पण धर्मगुरूशिवाय येणाऱ्या मरणाची भीती जास्त. शेवटची कबुली, पापक्षमा, तेल, मग पवित्र केलेल्या जमिनीत पश्चिमेकडे डोकं करून दफन. मरीने नेमकी हीच साखळी तोडली. धर्मगुरू प्रत्येक मरणाऱ्याच्या तोंडाशी कान नेणार, म्हणजे तो लवकरच जाणार. माझ्या वहीत तो १९ जुलैला गेला. नवा माणूस नेमून यायला आठवडे लागतात. कारभारी मेला २६ जुलैला.

आणि इथे एक खरं पत्र आहे. जानेवारी १३४९ मध्ये बाथ आणि वेल्सचा बिशप, श्रूझबरीचा राल्फ, याने आपल्या प्रांतात कळवलं की धर्मगुरू मिळत नसेल तर मरणाऱ्याने एकमेकांजवळ कबुली द्यावी, सामान्य माणसाजवळ, पुरुष नसेल तर स्त्रीजवळही. वर हेही की ऐकणाऱ्याने ते गुपित ठेवायलाच हवं. हे वाचल्यावर मला कथा सापडली. सुईण होतीच, अडलेल्या बाळाला मरण्याआधी बाप्तिस्मा देण्याची मुभा सुईणींना आधीपासून होती, म्हणून गाव तिच्याकडेच वळेल हे स्वाभाविक होतं. कारभारी तिच्याजवळ कबुली देतो: त्याने वीस वर्षांपूर्वी शेताच्या पट्ट्यांमधला दगड रातोरात सरकवला आणि एका विधवेची दोन पावलं रुंद जमीन गिळली.

पण पत्र नैर्ऋत्येतल्या सॉमरसेटकडचं, गाव यॉर्कशरमधलं. यॉर्कचा आर्चबिशप वेगळा, त्याचा प्रांत वेगळा. तीन आठवडे मी या एका गाठीपाशी अडलो. पत्र उचलून उत्तरेत ठेवणं हा उघड खोटेपणा. शेवटी दक्षिणेतून पळून आलेला एक भटका उपधर्मगुरू कथेत आणला. तो चर्चच्या पायरीवर बसून सांगतो की तिकडे असं पत्र वाचून दाखवलं, आणि दोन दिवसांनी स्वतःच मरतो. आता गावाला एवढंच ठाऊक आहे की कुठेतरी कुणीतरी असं म्हटलं. ते इथे लागू पडतं का? सुईणीने ऐकलेली कबुली देवाने ऐकली का? ती ऐकू शकते, पण क्षमा करण्याचा अधिकार तिला नाही. आणि गुपित ठेवायचं असेल तर दगड परत सरकवा असं ती कुणाला सांगणार? भुताला जे हवं आहे तेच उघड करायला तिला मनाई आहे. कथेतला सगळा ताण या एका प्रांताच्या सीमेतून निघाला. तपशील अडवतो तेव्हा त्याला वळसा घालण्याआधी थांबून बघावं, हे मी इथे शिकलो.

बांध कोरणारा मेल्यावर स्वस्थ झोपत नाही, हे मराठी वाचकाला पटवून द्यावं लागत नाही. तरी मी उसना आधार घेतला नाही. यॉर्कशरमधल्याच बायलंड मठातल्या एका भिक्षूने १४०० च्या सुमारास जुन्या हस्तलिखिताच्या कोऱ्या पानांवर बारा भुतांच्या हकिकती लिहून ठेवल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीत जमिनीचे कागद चुकीच्या हाती दिल्याबद्दल एक बाई मेल्यावर भटकते. भुताचे नियम मी तिथूनच घेतले. ही भुतं वाऱ्यासारखी नसतात, देहाची असतात. दार ठोठावतात, वजन असतं, त्यांच्यामागे कुत्री भुंकत जातात. देवाचं नाव घेऊन बजावल्याशिवाय ती बोलत नाहीत, आणि बोलतात तेव्हा जीभ हलत नाही. एका हकिकतीत शब्द आतड्यांतून येतात आणि उघड्या तोंडातून आतलं दिसतं. हे एक वाक्य मी सहा वेळा लिहून पाहिलं. उपमा घातली की ते मरतं. शेवटी 'तोंड उघडं होतं, ओठ हलत नव्हते, आवाज पोटातून येत होता' एवढंच ठेवलं.

दुसऱ्या हकिकतीत एक मेलेला धर्मगुरू रात्री जुन्या गावी जाऊन आपल्या रखेलीचा डोळा फोडतो. मग मठाधिपती शवपेटी उकरून गॉर्मायर तळ्यात टाकायला लावतो आणि गाडीचे बैल भीतीने बुडायच्या बेतात येतात. बैलांचा तो तपशील खरा लेखकाचा आहे. माझ्या कथेतही मढ्याला माणसं ओळखण्याआधी जनावरं ओळखतात.

गावाने मढ्याचं काय करावं, याला जमिनीतला पुरावा आहे. व्हॅरम पर्सी या ओसाड गावातल्या हाडांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. अकराव्या ते चौदाव्या शतकांतली, किमान दहा माणसांची हाडं, मृत्यूनंतर सुरीने कापलेली, मोडलेली, जाळलेली. मेलेले उठू नयेत म्हणून हे केलं असावं, हा अभ्यासकांना सर्वांत पटणारा अर्थ. एक सावधगिरी: हे गाव मरीने ओसाड पडलं असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही, ते १५०० च्या आसपास मेंढ्यांच्या कुरणांसाठी रिकामं झालं. मरीनंतर दीडशे वर्षं तिथे चुली पेटत होत्या.

खणण्याचा प्रसंग लिहिताना हातात कुदळ असल्यासारखा लिहावा लागतो. फावडं लाकडी, फक्त कडेला लोखंडी पट्टी. वर वीतभर माती, खाली पांढरा चुनखडीचा थर, त्यात फावडं जात नाही, कुदळीने फोडून हाताने ढेकळं काढावी लागतात. म्हणून घाईच्या दिवसांतली थडगी उथळ, आणि उथळ म्हणूनच कुत्री आणि वास. गरिबाला शवपेटी मिळत नाही, कापडात गुंडाळून शिवतात. गावाची एकच पेटी असते, ती थडग्यापर्यंत नेऊन रिकामी परत आणतात. कापड तोंडापाशी ओलं होऊन कुजतं, पोटातल्या वायूने देह फुगतो, ओठांवर काळसर रक्त येतं. यावरूनच मढी कफन चावतात अशी समजूत पुढे जर्मन मुलखात फोफावली. मी हे शास्त्र कथेत कुठेच सांगितलं नाही. उघडल्यावर काय दिसलं तेवढंच सांगितलं. ज्याला शास्त्र दिसेल त्याला शास्त्र, ज्याला भूत दिसेल त्याला भूत.

सामूहिक खड्ड्यांबद्दलही एक समजूत बदलावी लागली. लंडनच्या ईस्ट स्मिथफील्डमध्ये १९८६ ते ८८ या काळात उत्खनन झालेली दफनभूमी खास १३४८-४९ च्या साथीसाठीच केलेली होती. लांब चरांत देह एकावर एक, कुठे पाच थरांपर्यंत, पण नीट मांडलेले, डोकं पश्चिमेला. काही शवपेट्यांतही होते. याच हाडांतून २०११ मध्ये प्लेगच्या जंतूचा अख्खा जनुकसंच वाचला गेला. फेकाफेकीची वर्णनंही काही ठिकाणची आहेत, पण या ओळी पाहिल्यावर मी माझ्या गावातल्या थडगं खोदणाऱ्याचा स्वभावच बदलला. आधी तो दारुडा होता. आता तो ३१ देह ओळीने लावतो, प्रत्येकाचं डोकं फिरवून बघतो, आणि बत्तिसाव्याच्या वेळी स्वतः बसतो. दारुड्यापेक्षा हा माणूस जास्त घाबरवतो.

काय काय काढून टाकावं लागलं ते भराभर सांगतो. चोचीचा मुखवटा घातलेला वैद्य: सतराव्या शतकातला, इथे चालत नाही. दारावरचा लाल क्रॉस आणि 'मढी बाहेर काढा' म्हणत जाणारी गाडी: पुढच्या शतकांतली शहरी व्यवस्था. मरीशी जोडलं जाणारं 'रिंगा रिंगा रोझेस' हे बालगीत: छापलं गेलं एकोणिसाव्या शतकात. सांगाड्यांच्या नाचाचं प्रसिद्ध भित्तिचित्र पॅरिसला १४२४-२५ मध्ये रंगवलं, म्हणून चर्चच्या भिंतीवर मी तीन जिवंत आणि तीन मृतांची जुनी कथा रंगवली; ती तेराव्या शतकापासूनची आहे. बटाटा, टोमॅटो, मका नाही. वाटाणे, ओट, कांद्याची पात, राय मिसळलेली भाकरी आणि घरची बिअर. धुरांडं नाही, चूल घराच्या मधोमध, धूर गवतातून वाट काढतो, एका टोकाला गुरं. उजेड म्हणजे चरबीत बुडवलेली लव्हाळ्याची काडी. हातभर लांब काडी अर्ध्या-पाऊण तासात संपते. घड्याळाऐवजी मी प्रसंग या काड्यांनी मोजले. 'दुसरी काडी संपत आली' एवढ्याने वाचकाच्या पोटात खड्डा पडतो.

म्यूस मठाच्या इतिहासात दोन अपशकुन आहेत. एक घेतला: २७ मार्च १३४९, संध्याकाळची प्रार्थना, बलाढ्यांना देवाने आसनावरून खाली ओढलं अशा अर्थाची ओळ गाताना धरणीकंप झाला आणि भिक्षू खरोखरच आसनांवरून खाली पडले. हे मी कल्पनेने लिहिलं असतं तर कुणी खरं मानलं नसतं. दुसरा सोडला. हल शहरात मरीच्या थोडं आधी वारलेली, कमरेखाली जोडलेली दोन माणसं. एक गेल्यावर दुसऱ्याने त्याला तीन दिवस कवेत धरलं, आणि दोघं मिळून फार गोड गात, असं इतिहासकार लिहितो. इतकी माया असलेल्या माणसांना अपशकुन म्हणून कथेत उभं करणं मला जमलं नाही.

मरीचा दोष ज्यूंवर ठेवण्याचं दृश्यही नाही. जर्मन मुलखात कथा ठेवली असती तर ते टाळणं अप्रामाणिक ठरलं असतं. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबुर्गमध्ये ज्यूंना जाळलं गेलं. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्येच हाकललेलं होतं.

भाषेवर सर्वांत जास्त वेळ गेला. 'काळा मृत्यू' हे नाव पुढच्या काळातलं, त्या माणसांच्या तोंडी ते नाही. 'प्लेग' म्हटलं की मराठी कानाला सोजीर आणि तपासणी आठवते. 'मरी' हा शब्द मात्र चपखल बसला: लहान, जुना, आणि त्यात मरण आहे. समंध, मुंजा, हडळ, खवीस यांतलं एकही नाव वापरलं नाही, कारण प्रत्येकाला आपापली जात, झाड आणि कहाणी चिकटलेली आहे. 'भूत' हवेतलं वाटतं. म्हणून 'मढं'. मढं उठलं, मढं दारात आलं. कबुलीला गोव्यात कुमसार म्हणतात, तो शब्द सुंदर आहे, पण त्याच्यासोबत पोर्तुगीज काळ आत येतो. 'पाटील' लिहिलं असतं तर गाव थेट साताऱ्यात गेलं असतं, म्हणून 'कारभारी'. सुईणीला पोरं 'म्हातारे' अशी हाक मारतात, बाया 'बाई' म्हणतात, आणि धर्मगुरूला सगळे 'बाबा'. नावांचा घोळ वेगळाच: त्या काळी निम्मे पुरुष जॉन, विल्यम, थॉमस नाहीतर रॉबर्ट. हे खरं तसंच ठेवलं तर वाचक हरवतो. सात जॉनांपैकी दोन ठेवले, एक गिरणीचा जॉन, एक लंगडा जॉन. बाकीच्यांना धंद्याने ओळखलं.

तिसरा मसुदा चार वाचकांना मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्याने वाचण्याला पर्याय नाही. माहिती कुठे साचली आहे ते आवाजाला आधी कळतं. तीन ठिकाणी त्यांची नजर भरकटली, तिन्ही ठिकाणी मी शिकवत होतो. गी द शोलियाक पूर्ण गेला, यॉर्क शहर गेलं, पॅरिसच्या वैद्यांनी १३४५ मधल्या शनी, गुरू, मंगळ यांच्या कुंभेतल्या युतीला दिलेला दोषही गेला. एकूण बावीसशे शब्द. चौघेही घाबरले ते एकाच जागी, आणि तिथे मढं नव्हतं. सुईण कारभाऱ्याच्या तोंडाशी कान नेते, तो बोलतो, संपवतो, आणि मग तिच्याकडे बघत राहतो. धर्मगुरू असता तर इथे क्षमेचे शब्द म्हणाला असता. तिच्याकडे म्हणायला काही नाही. काडी विझते.

शेवटचा प्रसंग त्या जागेला जोडून घ्यावा लागला. सुईण अमावास्येच्या रात्री एकटी जाऊन दगड मूळ जागी सरकवते. मढं काही पावलं मागे उभं आहे, मदत करत नाही, आडवंही येत नाही. आधी हा प्रसंग चौदाशे शब्दांचा होता आणि शेवटी मढं 'झालं' असं म्हणायचं. तो शब्द काढला, कारण तो उच्चारला की सॉमरसेटचं पत्र यॉर्कशरमध्ये लागू झालं असा निकाल लागतो आणि तो द्यायचा अधिकार मला नाही. मग चांदण्यांचं वर्णन गेलं, तिची प्रार्थना गेली. उरले सहाशे शब्द: दगडाचं वजन, तिच्या नखांत भरलेली पांढरी चुनखडी, आणि सकाळी त्या पट्ट्यांवर कापणीला कुणीच येत नाही, कारण वहीप्रमाणे विधवा ३ ऑगस्टला गेलेली आहे आणि कारभाऱ्याचा मुलगा ९ ऑगस्टला. गहू उभ्यानेच काळा पडतो. वहीत कारभाऱ्याच्या ओळीत 'कबुली झाली का' हा रकाना मी अजून कोराच ठेवला आहे.